फोनवर नाव घ्यायचे नाही

सुनेचे काम काय आहे हे तिने मला दोन-तीनदा समजावले, तेव्हा कुठे कळले. वर्ध्याच्या घरी बसून ती देशोदेशीच्या जाणकारांना प्रश्न पाठवायची. तुमच्याकडे साध्या माणसाला इंटरनेट मिळते का, सरकार ते मध्येच बंद करते का, सरकारी कागद मागितले तर दाखवतात का. उत्तरे आली की ती ताडून पाहायची आणि परदेशातल्या एका संस्थेला पाठवायची. मी म्हटले, "आंजीचा तलाठी सातबाऱ्यासाठी चपला झिजवाले लावते. आधी त्याले पाठव हे प्रश्न."

"तो कुठचा जाणकार, आई," ती म्हणाली.

मी चौथी शिकलेली. मालक गेल्यावर आंजी गाव सोडून मुलाकडे राहायला आले होते. मुलगा रोज नोकरीला नागपूरला जायचा. सून बाहेर गेली की फोन माझ्याकडे. त्यासाठी तिने इंग्रजीतले एक वाक्य मला पाठ करून दिले होते, मॅडम घरी नाही, चार वाजता करा, एवढ्याच अर्थाचे.

जाणकारांची नावे कुठेही बोलायची नाहीत, असा तिचा नियम होता. काही देशांत असल्या प्रश्नांची खरी उत्तरे दिली तर माणसाला उचलून नेतात. नाव बाहेर जाणार नाही असा तिने प्रत्येकाला शब्द दिला होता. मला तो नियम नवा नव्हता. "सारा संसार झाला, नवऱ्याचं नाव घेतलं नाई मी," मी म्हटले. "तू मले काय शिकवून राह्यली?" नावे कानावर पडलेली असली तरी मी त्यांना आवाजावरूनच ओळखायचे. एक खोकणारा, एक घाईत असणारा, आणि एक बाई.

ती बाई शेजारच्या देशातली. तिला हिंदी येत होते, म्हणून आमचे जमले. सून घरी नसली तरी ती फोन ठेवायची नाही. मला अम्मा म्हणायची आणि आज काय शिजवले ते विचारायची. इतके तिखट खाऊन तुम्ही जगता कशा, असे तिने एकदा विचारले. मी म्हटले, तुम्ही नुसते उकडलेले खाऊन कशा जगता?

मग एका सकाळी बातमी आली. तिच्या देशात सरकारने फोन आणि इंटरनेट दोन्ही बंद केले होते. लोकांना घरातून नेल्याचेही पेपरात होते. सुनेने थोड्याच दिवसांपूर्वी तिला शेवटचे प्रश्न पाठवले होते. सरकार लोकांच्या ई-मेल उघडून वाचते का, हा त्यातलाच एक. आता तीच ई-मेल कोणी उघडली असेल तर, एवढेच सुनेच्या डोक्यात घोळत होते. संस्थेने कळवले, त्या देशासाठी दुसरा जाणकार शोधा. सुनेने शोधला नाही.

काही दिवसांनी तिकडचे फोन सुरू झाल्याचे कळले आणि आमच्या घरात भांडण सुरू झाले. फोनची आणि इंटरनेटची वायर एकच. सून इंटरनेट लावून बसली की बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज लागायचा. सून म्हणे त्या बाईची ई-मेल येईल. मी म्हणे फोन येईल. शेवटी निकाल लोडशेडिंगने लावला. दुपारी लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, पण फोन चालू राहायचा. तेवढा वेळ वायर माझी. मी फोनजवळ तुरीची डाळ निवडत बसायचे. निवडलेली डाळ पुन्हा निवडायचे.

अशाच एका दुपारी फोन वाजला. सून बँकेत गेली होती. पुरुषाचा आवाज, हिंदी, बोलण्याची ढब त्या बाईसारखीच. त्याने तिचे पूर्ण नाव घेतले. ही तुमच्यासाठी काम करते ना, तिने काही पाठवले का, असे विचारले. तुम्ही कोण, असे मी विचारले.

"घर का ही समझिए," तो म्हणाला.

घरचा माणूस समजा म्हणत नाही, असे मला वाटले. पण घाबरलेला घरचा माणूस काय म्हणतो, हे मला माहीत नव्हते. मी म्हटले, "ऐसी कोई बाई हमको मालूम नहीं. गलत नंबर लगा." त्याने पुन्हा नाव घेतले, या वेळी हळू. मीही पुन्हा तेच म्हटले. त्याने फोन ठेवला.

सून आल्यावर तिला सांगितले. ती पायात चपला तशाच ठेवून उभी राहिली. म्हणाली, "बरं केलं." पाणी प्यायली. मग म्हणाली, "आई, तो तिचा भाऊ असला तर? मदत मागत असला तर?"

"तर मी त्याले हाकललं," मी म्हटले. "दुसरं काय सांगू तुले?"

त्यानंतर आम्ही वायरीवरून भांडलो नाही. फोन वाजला की दोघी एकमेकींकडे पाहायचो. ती बाई असेल की तो माणूस असेल, हे पहिला शब्द ऐकेपर्यंत कळत नसे. खोकणाऱ्याचा फोन आला की मला त्या बिचाऱ्याचाच राग यायचा. जेवण कोणालाच जात नव्हते. मुलगा म्हणाला, घरात कोणी आजारी असल्यासारखे झाले आहे.

होळी होऊन गेली. लाइट गेलेली, सून मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. फोन वाजला.

"अम्मा, आज क्या पकाया?"

मी सांगितले, आलू-वांगं. आवाज तिचाच, पण बारीक झालेला. ती बरी आहे का, कुठे होती, हे विचारायचे नाही असे सुनेने बजावून ठेवले होते, कारण वायरीवर आणखी कोणी ऐकत असेल. त्या माणसाचेही विचारता येत नव्हते.

तिनेच विचारले. "अम्मा, आपको मेरा नाम मालूम है?"

"नहीं," मी म्हटले.

मग ती "बहुत अच्छा" म्हणाली, आणि हसली की रडली ते मला नीट ऐकू आले नाही. मी सुनेला हाक मारली. तिने ओल्या हातांनीच रिसीव्हर घेतला. दोघी नुसत्या भाज्यांचे आणि उन्हाचे बोलल्या.

राहिलेली उत्तरे सुनेने तिला मागितली नाहीत. तो माणूस भाऊ होता की सरकारचा, हे आम्हाला कधी कळले नाही. त्या दिवशी लाइट आल्यावर सून कॉम्प्युटर लावायला उठली. मी म्हटले, बस थोडी, वायर मोकळी राहू दे.