ओढ्याकाठचा हिरवा पट्टा

ओढ्यांची तब्येत तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. तसं सांगितलं की लोक हसून विचारतात, नाडी बघता का? मी बघते उपग्रहाचा नकाशा. काठालगत झाडं-गवत किती, शेत किती, उघडी जमीन किती, ते रंग भरून ठरवायचं. झाडी जास्त, तर ओढा ठणठणीत. परभणीत खुर्चीवर बसून मी गावोगावचे ओढे असे तपासते.

ताडकळसच्या पुढं माझं माहेर. तिथला ओढा पडद्यावर आला आणि मी कामच विसरले. दोन्ही काठांना जाड हिरवा पट्टा होता. संगणकानंही ‘चांगला’ असा शेरा दिला. इतका आनंद झाला की घरी गेल्यावर चहाच्या आधी आईला सांगितलं. गाव सुटल्यापासून आई माझ्याकडेच असते आणि नळाच्या पाण्याला रोज नावं ठेवते.

“मग मला एकदा झिऱ्याचं पाणी पाज,” ती म्हणाली. “दुसरं काई मागत न्हाई.”

झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत हातानं उकरलेला खड्डा. गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं, पुन्हा भरू द्यायचं, असं निवळेपर्यंत. घागर भरली की खड्ड्यावर बाभळीची फांदी ठेवायची, ढोरांनी पाय घालू नये म्हणून. मागून येणाऱ्या बाईला स्वच्छ पाणी मिळायला हवं ना. त्या पाण्याची मला अजून इतकी आठवण येते की उन्हाळ्यात फ्रिजमधली बाटली तोंडाला लावताना मी डोळे मिटून घेते.

नाहीतरी नकाशा प्रत्यक्ष जाऊन पडताळायचाच असतो. आईला घेऊन गेले. काठावर उभी राहिले आणि माझी मलाच चीड आली. तो हिरवा पट्टा उसाचा होता. पार पाण्यापर्यंत ऊस. करंज गेले, गवत गेलं. वरून ऊस काय नि झाडी काय, सगळं हिरवंच दिसतं. सोमवारी मलाच तो रंग बदलावा लागणार होता, आणि शेराही.

आई तोवर वाटी घेऊन खाली बसली होती. वाळू थोडीच उरलेली. तिनं उकरलं, पाणी आलं, तिनं उपसलं. पुन्हा आलं, पुन्हा उपसलं. दर वेळी वर तीच हिरवट साय आणि फवारणीच्या औषधाचा उग्र दर्प. तरी ती वाटी तोंडाकडं न्यायला लागली, तसा मी तिचा हात धरला.

“वास यायलाय, आई. नको.”

ती वाटीत बघत राहिली. मग पाणी ओतून दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बांधावर बाभूळ शोधायला लागली. सापडेना, तेव्हा लांब रस्त्यापर्यंत जाऊन फांदी घेऊन आली.

“आता या पाण्यापायी कशाला?” मी जरा चिडूनच विचारलं.

“निवळल की,” खड्ड्यावर फांदी नीट ठेवत ती म्हणाली. “तवर ढोरं पाय घालतेल.”