बाजेवरचा पाऊण तास

आपल्याइतका वेळेचा पक्का माणूस अख्ख्या ईट गावात नाही, असं माझे यजमान स्वतःच सांगत. घरी आमची खव्याची भट्टी. पत्र्याच्या शेडात धूर खात कढईतलं दूध ढवळायचं काम माझं. बाहेर लिंबाखाली बाजेवर पडून ‘लक्ष ठेवायचं’ काम त्यांचं. असं वीस वर्षं चाललं. एक कढई आटायला पाऊण तास लागतो, आणि हात जरा थांबला की दूध बुडाला लागतं. हे मात्र डुलकी काढून उठायचे आणि विचारायचे, “एवढ्यात झालं पण?” मोटारीवर ढवळणारी कढई आणा म्हटलं, की म्हणायचे, “पाऊण तासासाठी मशीन व्हय? लोक हसतील की.”

गेल्या उन्हाळ्यात माझा खांदा धरला. आठ दिवस हात हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दूध तर रोज येणारच. मग स्वारी भट्टीपुढं उभी राहिली आणि मी बाजेवर पडले.

थोड्याच वेळात आतून हाक आली, “अगं, झाला का पाऊण तास?”

“बारा मिनिटं झालीत.”

“घड्याळ बंद पडलं आसंल. सेल बघ!”

घड्याळ धडधाकट होतं. खोटं कशाला बोलू, लिंबाच्या गार सावलीत माझाही डोळा लागला. पाचेक मिनिटं झाली असतील म्हणून उठले, तर पाऊण तास होऊन गेलेला आणि करपल्याचा वास सुटलेला. बाजेवरून ते काम खरंच चुटकीसरशी होतं, एवढं मला मान्य आहे. पण वीस वर्षांत एकदा उठून शेडात डोकावायला काय यांचे पाय मोडले होते? ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. यांचं तर दूधही जळलं.

दुसऱ्या दिवशीही हे उभे राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून मशीन उतरलं. आळीतली माणसं बघायला जमली. हे बाजेवर ऐसपैस बसून सांगत होते, “काय करता, बायकोचे हाल बघवंनात.”

शेजारीण म्हणाली, “लई नशिबाची हाईस बाई.”

मला असा संताप आला, की सगळ्यांदेखत विचारलं, “अहो, कुठल्या बायकोचे? मी तर दोन दिस झोपून हाय.”