व्हर्लिनची गवतगाडी

अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका लहान गावात व्हर्लिन हॅस्केटने तीस वर्षं टपाल वाटलं. निवृत्तीनंतर त्याला एकच नाद उरला, घराभोवतीची दोन एकर हिरवळ. बसून चालवायची, गवत कापणारी त्याची जुनी गवतगाडी मे महिन्यात कायमची बंद पडली आणि बघता बघता गवत गुडघ्याला लागलं. तरी नवी गाडी काही ठरेना. तीन शनिवार तो दुकानात जाऊन एकेका गाडीवर नुसता बसून आला. विक्रेता कधी दिवे दाखवी, कधी कॉफीचा पेला ठेवायची खोबण, आणि व्हर्लिन आणखीच गोंधळून घरी येई.

चौथ्या शनिवारी बायको ओनीटा वैतागून सोबत निघाली. "अरे, गाडी घेतोयस की दुसरं लग्न करतोयस?"

दुकानात विक्रेत्याकडे न बघता ती थेट मागच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये शिरली. तिथे एक म्हातारा मेकॅनिक सँडविच खात बसला होता.

"काय हो, तुमच्याकडे सगळ्यात कमी येते ती गाडी कुठली?"

तो हसला. "ती कोपऱ्यातली साधी लाल. पट्टा बदलायला येते, बस. सगळ्यांनी तीच घेतली तर मी उपाशी मरेन."

"मग तीच द्या."

घरी व्हर्लिन टोपी घालून बाहेर येतो तो ओनीटा गाडीवर बसलेली.

"अगं, माझी गाडी!"

"निवडली कुणी?" म्हणत ती निघालीसुद्धा.

व्हर्लिन पायरीवर बसून बघत राहिला. गवत कापताना तिची पहिलीच रांग वाकडी गेली, तेव्हा कुठे त्याच्या जिवाला जरा बरं वाटलं.