वहीवरचा हात

मी खोलीत गेलो की लेक गणिताच्या वहीवर हात ठेवते. आजही ठेवला. बोटांच्या फटीतून घातांक दिसले आणि मागच्या वर्षीचा गृहपाठ आठवला. तीनचा क्ष घात गुणिले तीनचा वर्ग, बरोबर तीनचा सहावा घात. तिने क्ष चार काढला होता. घातांकांची बेरीज करायची तिथे मी गुणाकार केला, ‘तीन’ म्हणून ओरडलो आणि थप्पड मारली. तिने आपलं उत्तर खोडून माझं लिहिलं. नंतर पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांत ‘चार’ पाहूनही मी गप्प बसलो. चूक क्षणाची होती, पण गप्प राहायचं मी रोज नव्याने ठरवत आलो.

“तेव्हा तुझंच बरोबर होतं गं,” आज म्हणालो.

“माहितीये, बाबा. उत्तरांचं पान तुम्ही उघडंच ठेवलं होतंत.”

हात वहीवरून हलला नाही.