आगीचं चित्र

आमच्या ऑफिसात प्रोग्रॅममध्ये काही बदललं की एका ओळीची नोंद करायची असते, आणि ओळीच्या सुरुवातीला इमोजी टाकायचा हा आमच्या टीमचा रिवाज. चूक दुरुस्त केली की किडा, कोड काढून टाकला की आग, सगळं मोडेल असा बदल केला की स्फोट, निकामी कोड पुरला की शवपेटी. सकाळी चहा पिता पिता मी त्या नोंदी वाचत होतो, तर दंगलीची बातमी वाचतोय असं वाटलं. एसीच्या गारव्यात बसून आम्ही दिवसभर जाळतो, उडवतो, पुरतो. धूर मात्र कुणाच्या नाकात जात नाही.

आज गेला. शेजारच्या मृणालने पावसाळाभर खपून बांधलेलं पेमेंटचं पान समीरने तिला न विचारता काढून टाकलं होतं. नोंद एवढीच: ‘🔥 जुना कचरा काढला.’

“जाळलंस?” तिने विचारलं.

“अगं, नियमच आहे ना तसा. चित्र आहे ते नुसतं.”

“नियम मीच घातलाय,” ती म्हणाली आणि कीबोर्ड जवळ ओढला. ती बोटं अशी आपटत होती की माझ्या कपातला चहा हलत होता.

थोड्या वेळाने तिचं पान जागेवर परत आलं. समीरची आग खाली तशीच जळत होती, आणि त्या आगीच्या डोक्यावर, नोंदींच्या सबंध रांगेत एकटीच, चित्र नसलेली ओळ उभी होती: ‘परत आणलंय. आता हात लावून दाखव.’

इतक्या आगी, इतके स्फोट मी रोज बघतो. भीती त्या ओळीचीच वाटली.