सकिनाखालाचे पाहुणे

मस्कतच्या वादी कबीरमधल्या आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, की सकिनाखालानं अंबरीशकाकांना पोरीची परीक्षा संपल्या संपल्या घराबाहेर काढलं आणि वर त्यांच्या कंपनीचे पैसेही गिळले. ही बातमी लिफ्टमध्ये तळमजल्यावर चढली की तिसऱ्या मजल्यावर उतरेपर्यंत तिला शेपूट फुटायचं. कुणी म्हणे सामान जिन्यात फेकलं, कुणी म्हणे आधी पाणी तोडलं.

त्यातलं खरं एवढंच, की परीक्षा संपल्यावर अंबरीशकाका गेले. सामान नीट बांधून गेलं, आणि ते उतरवणाऱ्या माणसांच्या डोक्यावर खाला स्वतः उभी होती. "अरे बाबा, काचेचा हाय. यल्ला, पण हलू." यल्ला, म्हणजे चल लवकर, आणि हलू एका दमात म्हणणारी बाई अख्ख्या मस्कतमध्ये दुसरी मिळायची नाही.

खाला दाभोळची. नवरा ओमानी, तो गेल्यावर बिल्डिंग तिच्या नावावर झाली. अंगात काळा अबाया, पायात रबरी चपला आणि तळमजल्यावरच्या बैठकीचं, तिच्या मजलिसचं, दार सताड उघडं, म्हणजे गादीवर बसल्या बसल्या कोण आलं, कोण गेलं ते दिसावं. तिचं वाक्य दाभोळात निघायचं, हिंदीतून वळण घ्यायचं आणि अरबीत येऊन थांबायचं. 'खलास'चा शेवटचा 'स' तर दाराची कडी लावावी तसा लागायचा. भाड्याच्या बाबतीत खाला कडक. नळ गळतो म्हणून सांगायला गेलेला भाडेकरू, आपलं भाडं कसं उशिरा आलं ते ऐकून वर यायचा. नळ गळतच राहायचा.

अंबरीशकाकांचं आणि आमचं भाडं मात्र तिला कधी मागावं लागलं नाही. काका आणि माझे बाबा एकाच कंपनीत, ऑफिस कुरुमला. घरभाडं पगाराचाच भाग, आणि कंपनी ते थेट खालाच्या बँकेत टाकायची.

ऐन हिवाळ्यात काकांची नोकरी गेली. ते खाली आले आणि मजलिसच्या उंबऱ्यावरच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. यशश्रीची दहावी आहे, तेवढी परीक्षा होईपर्यंत राहू द्या, म्हणाले. खालानं पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा. काका म्हणाले, कंपनी अजून पाठवतेय, बहुतेक नोटिशीच्या काळाचं असावं. खालानं बँकेत विचारलं, तर खरंच आलेलं होतं. दोघं तसंच धरून चालले. कंपनीत जाऊन खात्री करायला कुणीच गेलं नाही. काकांना त्या ऑफिसची पायरी चढायची लाज वाटत होती, आणि आलेल्या पैशाला तू का आलास म्हणून विचारायचं नाही, हा खालाचा नियम.

विचारलं ते कंपनीनं, परीक्षेच्या तोंडावर. अकाउंट्समधल्या साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज मधात बुडवून काढलेला. "मॅडम, सिस्टीम में दिखा रहा है..." म्हणजे नोकरी सुटली त्या दिवसापासून भाडं बंद व्हायला हवं होतं, ते कुणाच्या तरी चुकीनं चालूच राहिलं, आता परत पाहिजे.

खालाच्या जिभेवर आलंच होतं, की घरात माणसं राहत होती, मग परत कशाचं? तेवढ्यात साहेब आणखी गोड झाले. घरात अंबरीश सरच राहत असतील तर तुम्ही काळजी करू नका, म्हणाले. तसं सांगून टाका. नोकरी संपल्याचे जे पैसे त्यांना मिळायचेत, त्यातून आम्ही कापून घेतो.

 आदल्याच आठवड्यात यशश्रीची आई सुचित्राकाकू तिला जिन्यात बसून सांगत होती, की त्या पैशांवर पुण्यात यशश्रीचं कॉलेज सुरू करायचं आणि काकांना काम मिळेपर्यंत घर चालवायचं. त्याखेरीज जवळ काही नव्हतं. खाला फोनवर एवढंच म्हणाली, की उद्या येते.

दुसऱ्या दिवशी तिचा भाचा तौहीद तिला गाडीतून कुरुमला घेऊन गेला. पुढची हकिकत त्याचीच. वाटभर ती स्वतःशी भांडत होती, म्हणतो. गच्चीवरची पाण्याची टाकी बदलायला झालीय, दोन एसी मेलेत, मी काय धर्मशाळा काढलीय? कुरुमच्या सिग्नलपर्यंत तिचं ठरलं होतं, की जे आहे ते सांगून मोकळं व्हायचं.

साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि मग विचारलं, "तो मॅडम, घर में कौन था?"

खालानं ग्लास पुरता संपवला. "मेरे मेहमान थे."

"मेहमान मतलब? किराया कौन दे रहा था?"

"तुम्हारे घर में मेहमान से किराया लेते हैं क्या? घर मेरा, मेहमान मेरे. पैसा तुम्हारा गलती से आया, वापस ले लो. खलास."

साहेबांना समजायचं ते समजलं असणार. पण त्यांच्या सिस्टीममध्ये पाहुण्यांसाठी रकाना नव्हता. त्यांनी वसुली खालाच्या नावावर टाकली.

त्या संध्याकाळी खालानं काकांच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. पाहुणे म्हटल्यावर ताट नको? सुचित्राकाकू शाकाहारी, म्हणून डाळ, भात आणि हातची सांदणं. काका मान वर करीनात. खाला त्यांना म्हणाली, "तुमचे पैसे हातात पडेपर्यंत कुनाकडं बोलायचा नाय. माज्याबद्दल कोन काय बोलला तर बोलू दे." मग लोक बोलले, आणि काका पुण्याला जाऊनही गप्प राहिले.

आता कंपनीची वसुलीची रीत अशी, की एका घरापोटी जास्त गेलं तर ते त्याच मालकाच्या दुसऱ्या घराच्या भाड्यातून कापायचं. दुसरं घर आमचं. दर महिन्याला आमचं भाडं कमी जाऊ लागलं आणि बाबांची झोप उडाली. चूक दुसऱ्याची, पण भाडं आपलं अपुरं. खाला फरक आपल्याकडेच मागणार. बेल वाजली की ते आधी पाकीट चाचपायचे.

एकदा मजलिसच्या दारात थांबून मी खालाला तोंडावर सांगितलं, की कपात संपायच्या आत तुम्ही फरक मागायला आमच्या दारात येणार. पैज.

ती हसली. "आली तर गच्चीची चावी तुजी. नाय आली तर माजी नक्कल माज्यासमोर करायची. सगल्यांना करून दाखवतंस, मना नाय?"

गच्चीची चावी बिल्डिंगीतल्या कुठल्याच पोराला आजवर मिळालेली नव्हती. मी हात पुढे केला.

कपात सुरू राहिली. टाकी गळत राहिली, तिच्याखाली खालानं पिंप लावलं. आमची बेल काही वाजली नाही. मग एका रात्री पुण्याहून अंबरीशकाकांचा बाबांना फोन आला. पैसे मिळाले होते, यशश्रीला कॉलेज मिळालं होतं, आणि आता त्यांना सगळं बोलायचं होतं. फोन ठेवून बाबांनी ते आम्हाला सांगितलं, आणि कुरुमची हकिकत मी तौहीदकडून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात खाला, धापा टाकत. बाबांनी सवयीनं पाकीट काढलं.

"ता ठेवा खिशात," ती म्हणाली. "कपात गेल्या महिन्यात संपली. पैज मी जिंकली, हिला न्यायला आली हाय."

मजलिसमध्ये अर्धी बिल्डिंग बसलेली. तौहीद अकाउंट्सचा साहेब झाला, मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी ग्लास संपवला आणि खालाच्या आवाजात ते सगळं म्हटलं: घर माझं, पाहुणे माझे, खलास. लोक हसायचे थांबले. सामान जिन्यात फेकल्याचं सांगणारे गृहस्थ चपला शोधू लागले.

खाला डोळे मिटून ऐकत होती.

"बरा हाय," ती म्हणाली. "पन खलास नाय जमला. परत म्हन."