तांदळातलं नाव

परदेशी मदतीतून आमच्या तालुक्यात स्त्री-समानतेचं शिबिर झालं. मला इंग्रजी येतं, या गैरसमजातून मला दुभाषी म्हणून नेमलं होतं. परदेशी पाहुणीने एका बाईला नाव विचारलं. बाई मला म्हणाली, "कुठलं सांगू भाऊ, माहेरचं का सासरचं?"

सगळ्या हसल्या. मला मात्र भाषांतर सुचेना. आमच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव मीच लिहिलं होतं. अक्षर छान आलं म्हणून मिरवलोही होतो.

घरी आल्यावर तिला माहेरच्या नावाने हाक मारली, "सुनंदा!" भाजी निवडणारे हात थांबले नाहीत. पुन्हा मारली, तेव्हा दाराकडे बघत म्हणाली, "अहो, कोण आलंय? बसवा त्यांना, चहा टाकते."